छातीतील गाठ आणि तिची परीक्षा

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा हंगाम भरात आला की सकाळपासून ढिगांभोवती खरेदीदारांची गर्दी होते. ढीग वरून कितीही पिवळाजर्द दिसला तरी जाणता व्यापारी केवळ वरच्या रंगावर बोली लावीत नाही. तो ढिगातून एक हळकुंड उचलतो, दोन्ही हातांनी मोडतो आणि आतला गाभा पाहतो. माल पुरता वाळला आहे की नाही, गाभ्याचा रंग कसा आहे, आत कीड तर नाही, हे त्या मोडलेल्या जागेवरूनच कळते. 2024 मध्ये ज्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा सौदाही गाभा पाहिल्याशिवाय होत नाही. मालाच्या बाबतीत इतका काटेकोर असणारा हाच समाज घरातील माणसाच्या आजाराबाबत मात्र पुष्कळदा वरच्या रंगावरच निर्णय घेतो, असे दिसून येते.

एक उदाहरण कल्पावे. बासष्ट वर्षांचे आडत व्यापारी. नित्य देवदर्शन करणारे, सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारे, कसलेही व्यसन नसलेले. तीन महिन्यांपासून कोरडा खोकला आहे, संध्याकाळी अंग कोमट लागते आणि सदऱ्याची गळपट्टी सैल झाली आहे. 'हळदीची धूळ बाधली' असे म्हणून दोन महिने गेले. मग छातीचा एक्स-रे झाला, त्यानंतर सीटी स्कॅन झाले आणि अहवालात एक ओळ आली : छातीच्या मध्यभागी लसिका ग्रंथी वाढलेल्या आहेत, तुकडा काढून तपासणी करावी. त्या एका ओळीने घरात तीन पक्ष पडले. धाकटा भाऊ म्हणाला, "क्षयच असणार, औषध सुरू करून टाकू." थोरला मुलगा मुंबईच्या गाडीचे आरक्षण पाहू लागला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणाल्या, "गाठीला सुरी लावू नका, सुरी लागली की रोग पसरतो, शिवाय अक्षय्य तृतीयेला मुलीचे लग्न आहे." आणि ज्यांच्या छातीत गाठ होती, त्यांना मात्र कोणी काहीच विचारले नाही.

हे चित्र हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथील कोणत्याही घरात उद्या उभे राहू शकते. म्हणून ही तपासणी म्हणजे नेमके काय, ती का करावी लागते आणि रुग्णाने काय अपेक्षा ठेवावी, याची माहिती प्रत्येक कुटुंबात असणे आवश्यक आहे.

ग्रंथी का वाढतात

मानेत, काखेत आणि जांघेत वाटाण्याएवढ्या गाठी कधीकधी हाताला लागतात. या लसिका ग्रंथी होत. शरीरात शिरलेले जंतू, मेलेल्या पेशी आणि भटकलेल्या कर्करोगाच्या पेशी यांना अडविण्याचे काम त्या करतात. अशाच ग्रंथी छातीतही असतात. दोन फुफ्फुसांच्या मधोमध, छातीच्या मधल्या हाडामागे हृदय, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या यांची दाटी असलेली जी जागा आहे, तिला वैद्यकशास्त्रात मेडियास्टिनम म्हणतात. तेथील ग्रंथी श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना आणि ती जेथे दुभंगते त्या ठिकाणी असतात. सीटी स्कॅनमध्ये ग्रंथीची आखूड बाजू 10 मिलिमीटरपेक्षा जास्त भरली तर ती वाढलेली समजण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे.

ग्रंथी वाढली म्हणजे कर्करोगच, असे मुळीच नाही. आपल्या देशात याचे एक मोठे कारण क्षयरोग आहे. दुसरे कारण सार्कॉइडोसिस नावाचा, जंतूंचा संसर्ग नसलेला एक आजार. तिसरे लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचाच कर्करोग. चौथे फुफ्फुसात किंवा अन्यत्र उद्भवून ग्रंथींपर्यंत पोचलेला कर्करोग. क्वचित जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गाची खूण म्हणूनही ग्रंथी मोठ्या राहतात.

अडचण अशी की चित्रात हे सारे आजार एकमेकांसारखे दिसू शकतात. पेट स्कॅन या महाग तपासणीत ग्रंथी उजळून दिसली की घरचे लोक हबकतात; परंतु क्षयाच्या आणि सार्कॉइडोसिसच्या ग्रंथीही त्या तपासणीत उजळतात. उजळणे म्हणजे तेथे पेशींची हालचाल जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती हालचाल कशाची, हे तुकडाच सांगतो.

शिवाय या आजारांचे उपचार परस्परांहून केवळ वेगळे नाहीत, काही वेळा परस्परविरोधी आहेत. सार्कॉइडोसिसमध्ये गरज पडल्यास स्टेरॉइड देतात. तेच औषध क्षयाच्या रुग्णाला क्षयाच्या औषधाविना दिले तर आजार भडकतो. लिम्फोमा असताना अंदाजाने स्टेरॉइड सुरू केले तर गाठ तात्पुरती विरघळते, घरात समाधान पसरते आणि नंतर काढलेल्या तुकड्यात निदानच सापडत नाही. कर्करोग असताना क्षयाची औषधे घेत राहिल्यास हातचे महिने निघून जातात. 'औषध सुरू करून पाहू' हा सल्ला वरवर सोयीचा आणि स्वस्त वाटतो; चुकीच्या खात्यावर रक्कम जमा करावी तसा तो नंतर निस्तरणे फार जड जाते.

आधी सुई, मग शस्त्रक्रिया

सुज्ञ डॉक्टर नेहमी सोप्या वाटेने सुरुवात करतात. थुंकीची तपासणी प्रथम होते. मानेत एखादी गाठ हाताला लागत असेल तर तिचाच नमुना घेतला जातो, कारण तिथपर्यंत पोचणे सोपे असते. छातीतील ग्रंथींसाठी हल्ली बहुधा प्रथम 'ईबस' ही तपासणी करतात. तीत तोंडावाटे श्वासनलिकेत दुर्बीण घातली जाते, तिच्या टोकाला सोनोग्राफीची सोय असते आणि पडद्यावर ग्रंथी पाहत श्वासनलिकेच्या भिंतीतून सुईने नमुना घेतला जातो. यात बाहेरून कोठेही छेद नसतो आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

मात्र सुईने येणारा नमुना लहान असतो. तो अपुरा ठरला, किंवा त्यात काही सापडले नाही तरी डॉक्टरांची शंका कायम राहिली, किंवा लिम्फोमाचा प्रकार ठरविण्यासाठी मोठा तुकडा हवा असला, तर मेडियास्टिनोस्कोपी सुचविली जाते. ही शस्त्रक्रिया नवी नाही. स्वीडनमधील एरिक कार्लेन्स या शल्यचिकित्सकाने 1959 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यानंतर जगभर ती रूढ झाली. ईबस आल्यापासून तिची गरज कमी झाली असली तरी पुरेसा मोठा तुकडा मिळविण्याचा भरवशाचा मार्ग म्हणून तिचे स्थान टिकून आहे. म्हणून रुग्णाने एक प्रश्न अवश्य विचारावा : "माझ्या बाबतीत सुईने काम भागेल काय? नसेल तर का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

हे काम छातीच्या शल्यचिकित्सकाचे आणि अनुभवी भूलतज्ज्ञाचे असल्याने ते तालुक्याच्या गावी होणारे नाही. आपल्या भागातील लोक यासाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, हैदराबाद, पुणे किंवा मुंबई येथे जातात. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून तेथे ईबस आणि मेडियास्टिनोस्कोपी या दोन्ही सोयी आहेत काय, याची खात्री करून घ्यावी. केवळ नावाजलेले रुग्णालय म्हणून रात्रभर प्रवास करायचा आणि तेथून दुसरीकडे पाठवणी व्हायची, हा हेलपाटा आजारी माणसाला सोसत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

रक्ततपासणी, रक्त गोठण्याची तपासणी, रक्तगट, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि भूलतज्ज्ञाची भेट या गोष्टी आधी होतात. भूलतज्ज्ञापुढे काहीही लपवू नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या किती दिवस आधी थांबवायच्या, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मनाने बंदही करू नयेत आणि मनाने चालूही ठेवू नयेत. मधुमेह, रक्तदाब, दमा, हलणारा दात, कवळी, मानेच्या मणक्याचे दुखणे, पूर्वी छातीवर वा मानेवर झालेली शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार, हे सारे सांगावे. या शस्त्रक्रियेत मान मागे झुकवावी लागते, म्हणून मणक्याची माहिती महत्त्वाची आहे. सुपारी किंवा गुटख्याच्या सवयीने तोंड पुरते उघडत नसेल तर तेही संकोच न बाळगता सांगावे, कारण भुलीच्या वेळी घशात नळी घालावयाची असते.

जैन कुटुंबांसाठी येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भुलीच्या आधी साधारण सहा तास अन्न आणि दोन तास पाणी वर्ज्य असते. परंतु चौविहार पाळणारा रुग्ण सूर्यास्तापासूनच पाणी घेत नाही. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी अकरा वाजता असेल तर सोळा-सतरा तास पाण्याविना जातात. वृद्धांना, मूत्रपिंड नाजूक असणाऱ्यांना आणि मधुमेहींना हे बाधू शकते. असा नियम असल्याचे आदल्या दिवशीच डॉक्टरांना सांगावे. ते शक्य तर सकाळची पहिली वेळ देतात किंवा शिरेतून सलाइन देतात. मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन वर उपाशी राहणे धोक्याचे आहे. त्या दिवशीची मात्रा डॉक्टरांनी सांगावी तशीच घ्यावी. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात उपवासांचा संकल्प असेल तर तोही कळवावा. नियमांच्या बाबतीत मन द्विधा होत असल्यास साधु-साध्वींना किंवा समाजातील जाणत्यांना आधीच विचारून मार्ग काढावा. शस्त्रक्रियागृहाच्या दारात तो वाद नको.

आणखी एक प्रश्न अनेकांच्या मनात असतो. बहुतेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. त्याऐवजी गोळी किंवा पातळ औषध मिळेल काय, असे विचारण्यात काही गैर नाही. पुष्कळदा पर्याय असतो. टाक्यांचा दोराही आता बहुधा कृत्रिम, आपोआप विरघळणारा असतो, तरी ज्यांना महत्त्वाचे वाटते त्यांनी आधी विचारावे. मात्र शस्त्रक्रिया चालू असताना रक्तस्राव थांबविण्यासाठी काय वापरावे, हा निर्णय शल्यचिकित्सकाच्या हाती ठेवावा.

संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. त्यात 'गरज पडल्यास छाती उघडावी लागेल' असे वाक्य असते. ते घाबरविण्यासाठी नसून, क्वचित उद्भवणाऱ्या प्रसंगी क्षणाचाही विलंब होऊ नये म्हणून असते.

त्या दिवशी काय होते

ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करतात. रुग्णाला हाताच्या शिरेतून औषध दिले की काही क्षणांत झोप लागते. त्यानंतर श्वासासाठी घशात नळी घातली जाते. आत काय चालले आहे हे त्याला कळत नाही आणि दुखतही नाही. खांद्याखाली उशी देऊन मान मागे झुकवितात. गळ्याच्या खाली, छातीच्या मधल्या हाडाच्या वर जो खळगा असतो, तेथे दोन-तीन सेंटिमीटरचा आडवा छेद घेतला जातो. तेथून श्वासनलिकेच्या पुढच्या अंगाने वाट करीत नळीसारखी दुर्बीण खाली सरकवितात. छातीचे हाड किंवा बरगडी कापावी लागत नाही, ही गोष्ट घरच्यांनी नीट समजून घ्यावी. कारण 'छातीचे ऑपरेशन' हा शब्द ऐकताच डोळ्यांसमोर भलतेच चित्र उभे राहते.

त्या अरुंद जागेत ग्रंथींना लागूनच मोठ्या रक्तवाहिन्या असतात. म्हणून शल्यचिकित्सक आधी बारीक सुई घालून, समोर आहे ती ग्रंथीच आहे, रक्तवाहिनी नव्हे, याची खात्री करून घेऊ शकतो आणि मगच चिमट्याने तुकडा घेतो. एकाच ठिकाणचा तुकडा घेऊन भागत नाही. उजवीकडच्या, डावीकडच्या आणि श्वासनलिका दुभंगते तेथील ग्रंथींचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत, वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावून पाठविले जातात. फुफ्फुसाचा कर्करोग असल्यास या चिठ्ठ्यांना फार महत्त्व येते. रोग त्याच बाजूच्या ग्रंथीत आहे की पलीकडच्या बाजूला गेला आहे, यावर आधी शस्त्रक्रिया करावी की औषधोपचार आणि किरणोपचार यांनी सुरुवात करावी, हे ठरते. डावीकडच्या काही ग्रंथी या वाटेने हाती लागत नाहीत. तेव्हा बरगड्यांच्या मधून लहान छेद घेण्याची दुसरी पद्धत वापरतात.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेस साधारण पाऊण ते एक तास लागतो. पण आधीची तयारी आणि नंतर शुद्धीवर येईपर्यंतची देखरेख धरून रुग्ण तीन-चार तास दृष्टीआड असतो. बाहेर बसलेल्या कुटुंबीयांनी हा हिशेब आधीच समजून घेतला तर घड्याळाकडे पाहून जीव वरखाली होत नाही.

याच वेळी नातेवाइकांनी लक्ष घालावे अशी एक गोष्ट आहे. तुकडे फॉर्मेलिन या द्रावणात घातले जातात. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी ते आवश्यक असते. परंतु फॉर्मेलिनमध्ये क्षयाचे जंतू मरतात आणि मग त्यांची वाढ करून पाहता येत नाही. म्हणून क्षयाच्या तपासणीसाठी एक तुकडा साध्या सलाइनमध्ये स्वतंत्र पाठवावा लागतो. "क्षयासाठीचा नमुना वेगळा जाणार आहे ना?" एवढे एक वाक्य शस्त्रक्रियेपूर्वी विचारून ठेवावे.

धोके किती

धोका शून्य आहे, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. फार मोठा आहे, असेही मानू नये. अनुभवी हातांत साधारणपणे शंभरांतील एक ते तीन रुग्णांना काही ना काही गुंतागुंत होते आणि मृत्यू अत्यंत विरळा असतो. मोठ्या रक्तवाहिनीला इजा होऊन रक्तस्राव होणे ही सर्वांत गंभीर गोष्ट. ती शंभरांत एकापेक्षाही कमी जणांत घडते. स्वरयंत्राच्या मज्जातंतूला धक्का लागून आवाज घोगरा होऊ शकतो. बहुधा तो काही आठवड्यांत सुधारतो, क्वचित कायम राहतो. फुफ्फुसाभोवती हवा साचणे आणि जखमेत संसर्ग होणे हेही संभवते.

आता 'सुरी लागली की रोग पसरतो' या समजुतीविषयी. अशा तपासणीमुळे कर्करोग पसरणे हा अतिशय दुर्मीळ प्रकार आहे. रोग पसरतो तो पुष्कळदा लांबविलेल्या दिवसांमुळे. तुकडा काढल्यानंतर काही महिन्यांनी रुग्ण दगावला की दोष तुकड्याच्या माथी येतो. तत्पूर्वी सहा महिने गाठ वाढत होती, हे कोणाच्या हिशेबात धरले जात नाही.

घरी परतल्यावर

बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाऊ शकतात. मात्र हिंगोलीकडच्या रुग्णाने निदान एक रात्र, शक्य तर दोन, त्याच गावी मुक्काम करावा. त्याच रात्री गाडीत बसून गावाकडे निघणे शहाणपणाचे नाही. वाटेत काही उद्भवले तर जवळ कोणी नसते. नळीमुळे घसा एक-दोन दिवस खवखवतो, गिळताना किंचित दुखते, मान आखडल्यासारखी वाटते. मूग डाळीची पातळ खिचडी, वरण-भात, पेज असा मऊ आहार पुरतो आणि तो सूर्यास्तापूर्वी सहज घेता येतो. वेदनेच्या गोळ्यांच्या वेळाही डॉक्टरांना विचारून दिवसाच्या प्रहरात बसविता येतात का, ते पाहावे. जखम दोन दिवस कोरडी ठेवावी. एक-दोन आठवडे जड वजन उचलू नये. दुकानात बसायला हरकत नसली तरी कट्टा सरकवायला हात लावू नये.

व्यापारी मंडळींनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. पूर्ण भुलीनंतर चोवीस तास वाहन चालवू नये आणि कोणत्याही महत्त्वाच्या कागदावर सही करू नये. माणूस शुद्धीवर आलेला दिसतो, बोलतोही व्यवस्थित. पण निर्णयबुद्धी पूर्ण ताळ्यावर आलेली नसते. धनादेश, करार, कर्जाची कागदपत्रे एक दिवस थांबू शकतात.

मानेवर झपाट्याने सूज येणे, श्वास लागणे, छातीत तीव्र दुखणे, जखमेतून रक्त किंवा पू येणे, 100.4 अंश फॅरनहाइटहून अधिक ताप, पाणी पिताना वारंवार ठसका लागणे यांपैकी काहीही दिसले तर 'सकाळी पाहू' म्हणून थांबू नये. गावी असल्यास 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी रात्र आहे आणि नियम आहे म्हणून औषध किंवा उपचार टाळू नयेत.

अहवालाची वाट

खरी परीक्षा येथे असते. सूक्ष्मदर्शकाखालील पहिला अहवाल बहुधा तीन ते सात दिवसांत येतो. लिम्फोमा किंवा अन्य कर्करोगाचा नेमका प्रकार ठरविण्यासाठी आणखी विशेष रंगतपासण्या लागल्या तर पुढे आठवडाभर जातो. क्षयाची यंत्राद्वारे होणारी जनुकीय तपासणी काही तासांची असते आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही हेही ती सांगते. पण जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीस सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. अहवाल उशिरा येणे म्हणजे वाईट बातमी, असा अर्थ काढू नये.

क्षय निघाला तर तो लपवू नये. औषधे सरकारकडून विनामूल्य मिळतात, ग्रंथींच्या क्षयासाठी ती साधारण सहा महिने घ्यावी लागतात आणि सरकारी औषधे एकत्रित गोळ्यांच्या रूपात, बहुधा दिवसातून एकदा घ्यावयाची असतात. खासगी डॉक्टरांनीही अशा रुग्णाची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक आहे. ती टाळण्यासाठी रदबदली करू नये. पोषण आहारासाठी दरमहा मिळणारी 500 रुपयांची मदत नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाली आहे. फुफ्फुसात आजार नसेल तर केवळ ग्रंथींचा क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही. मुलीच्या लग्नात अडथळा येईल म्हणून रोगाचे नाव दडपणारी घरे समाजात आहेत; अर्धवट औषधाने तोच रोग हट्टी होऊन परततो, तेव्हा ते नाव झाकता येत नाही. कर्करोग निघाला तरी प्रकार आणि टप्पा नेमका कळलेला असतो. लिम्फोमाचे काही प्रकार तर औषधांनी पूर्ण बरे होण्यासारखे असतात.

कागदांविषयीही थोडे. तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात साठवितात तो ब्लॉक आणि काचपट्ट्या म्हणजे रुग्णाची मूळ कागदपत्रेच समजावीत. दुसरे मत हवे असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत नाही. हा ब्लॉक नेला की पुरते. 1941 पासून परळला उभ्या असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयातही बाहेरून आणलेल्या ब्लॉकची फेरतपासणी होते. पावती देऊन ब्लॉक मागून घ्यावा आणि तो उन्हात, तापलेल्या गाडीत ठेवू नये. विमा असेल तर दाखल होण्याआधीच पूर्वसंमती मागावी आणि एका दिवसाच्या मुक्कामाला विमा लागू आहे काय, हे लेखी विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. आपली तपासणी त्यात बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करून पाहावे. आपण व्यापारी, आपल्याला योजना कशाला, असा संकोच कामाचा नाही.

आता त्या घराकडे पुन्हा वळावे. मुलगा डॉक्टरांच्या खोलीत एकटाच शिरतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "अहवाल काहीही येवो, अण्णांना सांगू नका." यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु ज्या माणसाने चाळीस वर्षे शेतकऱ्याला समोर बसवून पट्टी वाचून दाखविली, कोणाची पै लपविली नाही, त्याच्याच देहाचा हिशेब त्याच्यापासून दडवावा, हे न्यायाला धरून नाही. आणि दडवून राहतही नाही. घरात कुजबुज थांबते तेव्हा, पाहुणे अकारण भेटायला येतात तेव्हा, रुग्णाला सारे कळते. फक्त विचारायला जागा उरत नाही. मग तो एकटाच भितो, आणि तीच भीती सर्वांत वाईट.

बोलणे एकदम झाले पाहिजे असेही नाही. किती ऐकायचे, केव्हा ऐकायचे, सोबत कोण हवे, हे त्यालाच विचारावे. कोणी म्हणेल, "मुलाला सांगा, मला उपचार तेवढे सांगा". तोही त्याचा निर्णय आणि तोही मानावा. पण बहुतेक अण्णा, विचारले तर, एवढेच म्हणतील : "खाते माझे आहे. शिल्लक असो की देणे असो, आधी मला दाखवा. लग्नाची तारीख आपण मग बसून ठरवू."

हळकुंड मोडताना व्यापाऱ्याचा हात थरथरत नाही, कारण आत जे असेल त्यावरच भाव ठरणार, हे त्याला ठाऊक असते. आपल्या माणसाच्या बाबतीत हात थरथरणे स्वाभाविक आहे. तरीही आत काय आहे ते पाहावे, वेळेवर पाहावे आणि ज्याचे आहे त्याच्यासोबत बसून पाहावे.